दारूखान्याची राखण : वसई प्रांताच्या निमित्तानें जुन्या दारूविषयीं विचार

(१)

किल्ल्यांचा इतिहास लिहितांना तट, बुरूज, दरवाजे आणि तोफा यांचें वर्णन आपण मोठ्या आवडीनें करतों. किल्ला कोणीं बांधला, कोणीं घेतला, त्यांत किती तोफा सांपडल्या, हें सांगण्याच्या कामीं बखरकारांपासून गॅझेटिअरकारांपर्यंत कोणीही मागें राहिलेला नाहीं. परंतु ज्या काळ्या भुकटीवांचून तोफ ही केवळ धातूची पोकळ नळी, त्या भुकटीची निगा कोण राखीत असे, ती कोठें ठेवीत, किती दिवसांनीं पाहत, आणि बिघडल्यास तिचें काय करीत, या प्रश्नांकडे आमच्या अभ्यासकांचें लक्ष त्या मानानें थोडें गेलें आहे. प्रस्तुत लेखांत तोच विषय आम्हीं घेतला आहे.

निमित्तासाठीं वसई-विरारचा टापू घेण्यास दोन कारणें आहेत. एक म्हणजे, इ. स. १७३७ ते १७३९ या काळांत येथें जें युद्ध झालें तें तरवारीपेक्षां दारूनें अधिक लढलें गेलें. आणि त्याचा शेवटचा निकालही सुरुंगांनींच लावला. दुसरें म्हणजे, दारू टिकविण्यास याहून प्रतिकूल भूमि शोधूनही सांपडणें कठीण. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस उल्हास नदीची खाडी, सभोंवार मिठागरें, आणि ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत अखंड पाऊस. अशा हवेंत कोरड्या देशावरील दारूखान्याचे नियम पाळून भागत नाहीं. त्याहून अधिक दक्षता लागते.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. दारूचे वैरी दोन : एक अग्नि, दुसरें पाणी. अग्नीपासून राखावयाची तर ती झांकून, पुरून, माणसांपासून दूर ठेविली पाहिजे. पाण्यापासून राखावयाची तर ती वारंवार उघडून, बाहेर काढून, उन्हांत घातली पाहिजे. एका वैऱ्यावरील उपाय दुसऱ्या वैऱ्यास दार उघडून देतो. या पेंचांतून वाट काढणें हेंच दारूखान्याचें सारें शास्त्र होय. तें शास्त्र आमच्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें, आणि जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या आजच्या मंडळींनाही तें ठाऊक असणें त्यांच्या जीविताच्या दृष्टीनें अगत्याचें आहे.

(२)

दारूचे घटक तीन : सोरा, गंधक आणि कोळसा. युरोपांत पुढें जें प्रमाण रूढ झालें तें शेंकडा ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असें. आमच्या संस्कृत ग्रंथांपैकीं शुक्रनीतींत ‘अग्निचूर्ण’ या नांवानें दारूची कृति दिलेली आहे. तींत सुवर्चिलवण म्हणजे सोरा ५ पलें, गंधक १ पल, आणि रुई, निवडुंग वगैरे झाडांचा, धूर कोंडून केलेला कोळसा १ पल, असें प्रमाण सांगून, त्यास त्याच झाडांच्या व लसणीच्या रसाचीं पुटें द्यावीं, उन्हांत वाळवावें व साखरेसारखें बारीक करावें, असें म्हटलें आहे. बंदुकीच्या दारूसाठीं सोऱ्याचे ६ अथवा ४ भाग घ्यावे, असाही विकल्प तेथें आहे. ६ भागांचा विकल्प घेतल्यास सोरा बरोबर शेंकडा ७५ पडतो, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

या वचनांवरून गुस्ताव्ह ऑपर्ट यानें इ. स. १८८० मध्यें प्राचीन आर्यांस तोफा-बंदुका ठाऊक होत्या, असा सिद्धांत मांडिला होता. तो आतां कोणी मान्य करीत नाहीं. शुक्रनीतीचा हा भाग बराच अर्वाचीन असून, तो तोफा-बंदुका देशांत सर्रास झाल्यानंतरचा आहे, असेंच विद्वानांचें मत आहे. परशुराम कृष्ण गोडे यांनीं इ. स. १४०० ते १९०० या काळांतील आतषबाजीचा इतिहास जुळवितांना गजपति प्रतापरुद्रदेव (इ. स. १४९७–१५३९) याच्या कौतुकचिंतामणि ग्रंथांतील कृतींकडे लक्ष वेधलें. तात्पर्य, या विद्येचा संस्कृत वाङ्मयांतील पुरावा पुराणकालीन नसून मध्ययुगाच्या अखेरचा आहे. तो तेवढाच मानिला म्हणजे त्याची किंमत कमी होत नाहीं. उलट तो विश्वासार्ह होतो.

आतां दारू बिघडते कशी तें पाहूं. शुद्ध सोरा हवेंतील ओल फारशी ओढीत नाहीं. परंतु सोरा काढीत तो खाऱ्या मातीपासून, पाणी घालून, गाळून व आटवून. या रीतीनें निघालेल्या कच्च्या सोऱ्यांत साध्या मिठाचा आणि चुन्याच्या क्षारांचा अंश राहतो, आणि हे क्षार ओल ओढण्यांत पटाईत. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतें तें आपण घरोघर पाहतों. जुन्या भिंतीस लोणा धरतो तोही याच जातीचा. म्हणून सोरा जितक्या वेळां पुनः उकळून शुद्ध केलेला, तितकी दारू टिकाऊ. कोळसाही सच्छिद्र असल्यामुळें तोही ओल धरतो.

ओल शिरली म्हणजे प्रथम दारू मंद होते. ओल अधिक झाली तर सोरा विरघळतो आणि दारू सुकतांना पृष्ठभागावर पांढऱ्या स्फटिकांच्या रूपानें पुनः प्रकट होतो. गंधक व कोळसा मागें राहतात. तिघांचें जें निकट मिश्रण कुटून-कुटून साधलेलें असतें तें मोडतें. अशी दारू वाळविली तरी पहिल्यासारखी होत नाहीं. ती पुनः कुटावी लागते. शिवाय बारीक भुकटी गाड्यावरून अथवा गलबतांतून दूर नेली तर हादऱ्यांनीं जड व हलके कण वेगळे होतात. यावर तोडगा म्हणून युरोपांत दारू ओली करून तिचे दाणे पाडण्याची रीत निघाली. दाणेदार दारू ओलही कमी घेते व तिचे घटकही वेगळे होत नाहींत. दारूचीं पिंपें कोठारांत ठराविक काळानें उलटींपालटीं करण्याची त्यांची वहिवाट होती, तीही याच कारणानें.

(३)

या सर्व अडचणींचें उत्तर मराठी राजनीतींत कोठें सांपडतें असें विचारल्यास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे बोट दाखवावें लागेल. इ. स. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्याच्या दुर्गप्रकरणांत दारूखान्यासंबंधीं जो उपदेश आहे त्याचा आशय आम्ही आमच्या शब्दांत देतों.

दारूखाना राहत्या घराजवळ असूं नये. त्याच्या भोंवतीं आवार असावें. आंत तळघर असावें व जमीन गच्च केलेली असावी. दारू तळघरांत मडक्यांसारख्या भांड्यांत भरून ठेवावी. बाण, होके वगैरे दारू भरलेलें सामान वरच्या मधल्या भागांत ठेवावें. कशासही सर्द लागूं देऊं नये. आठ किंवा पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढवावे, उन्हांत घालवावे, पुनः भरून मोहर करून ठेववावे. चौकीस माणसें सदैव असावीं व परवानगीवांचून कोणासही जवळ फिरकूं देऊं नये.

हा उपदेश साधा दिसतो, परंतु त्यांतील एकेक कलम तोलून पाहण्याजोगें आहे. तळघर कशासाठीं ? बाहेरून येणाऱ्या गोळ्यापासून व ठिणगीपासून बचाव व्हावा म्हणून. परंतु तळघर म्हणजे सर्द आलीच. म्हणून गच्च जमीन सांगितली. मडकीं कशासाठीं ? मातीच्या भांड्यावर भांडें आपटलें तरी ठिणगी उडत नाहीं, लोखंडावर उडते. शिवाय दारू मोकळी पेटली तर भडकते, पण मजबूत व बंद पात्रांत पेटली तर स्फोट करते. मडकें तिला तशी कोंडीत नाहीं. युरोपांतील दारूखान्यांतही लोखंडी खिळे वर्ज्य करून तांब्याचे अथवा लांकडाचे वापरीत, पायांत नाल मारलेले जोडे चालूं देत नसत, आणि भिंतींतील हवेचीं छिद्रें नागमोडी ठेवीत, म्हणजे वारा आंत यावा पण ठिणगी येऊं नये. दोन्हीकडील शहाणपण एकाच अनुभवांतून निघालेलें आहे.

सर्वांत महत्त्वाचें कलम मुदतीचें. दारू ‘बिघडली कीं पाहा’ असें अमात्य सांगत नाहींत. आठ-पंधरा दिवसांनीं पाहाच, असें सांगतात. तें काम कोणा शागीर्दावर न सोंपवितां खुद्द हवालदारावर टाकतात, आणि शेवटीं मोहर करावयास लावतात. मोहर म्हणजे जबाबदारीची खूण. किल्ल्यावरील कारखानीस जमाखर्च राखी, परंतु वहींतील आंकडा आणि कोठारांतील वस्तु एकच आहेत कीं नाहींत, हें मोहर फोडून पाहिल्यावांचून कळत नाहीं. वहींत दहा मण दारू असते. ती पेटेल कीं नाहीं हें वही सांगत नाहीं.

अग्नीविषयींची हीच दक्षता शिवछत्रपतींच्या काळींही होती. इ. स. १६७३ च्या सुमारास चिपळूणजवळील छावणीच्या अंमलदारांस गेलेल्या प्रसिद्ध पत्रांत, रात्रीं जळता दिवा ठेविल्यास उंदीर पेटती वात घेऊन जाईल व गवताच्या गंजी जळून घोडदळ बुडेल, अशी ताकीद आहे. विषय गवताचा असला तरी दृष्टि तीच : आपत्ति शत्रूकडून येण्यापूर्वीं ती आपल्याच निष्काळजीपणांतून येते.

(४)

आतां वसईकडे वळूं. इ. स. १७३७ च्या वसंतांत मराठ्यांनीं साष्टी व ठाणें घेतलें. त्याच वर्षीं अर्नाळ्याचें बेट हातीं येऊन तेथें बाजीरावांच्या आज्ञेनें नवा किल्ला उभा राहिला. विरारच्या किनाऱ्यासमोर समुद्रांत असलेल्या या किल्ल्यावरील शिलालेखांत बाजी तुळाजी याचें नांव आहे. चहूंबाजूंनीं खारें पाणी असलेल्या त्या बेटावर गोड्या पाण्याचा तलाव जितका मोलाचा, तितकीच कोरडी कोठीही मोलाची, हें सांगावयास नको. मोहिमेचा साद्यंत वृत्तांत य. न. केळकर यांनीं इ. स. १९३७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘वसईची मोहीम’ या पुस्तकांत अभ्यासकांनीं पाहावा. येथें दारूपुरतेंच बोलूं.

पोर्तुगीजांचा दारूचा कारखाना होता गोव्याजवळ पणेली येथें. वसईस रसद यावयाची ती समुद्रानें. इ. स. १७३९ च्या आरंभीं व्यंकटराव घोरपडे इचलकरंजीकर व दादाजीराव भावे नरगुंदकर हे फौज घेऊन खुद्द गोव्याच्या मुलुखांत उतरले, त्यामुळें गोव्याहून वसईस पुरेशी मदत जाणें अशक्य झालें. तेव्हां वसईकरांस मुंबईच्या इंग्रजांकडे तोंड वेंगाडावें लागलें. इंग्रजांनीं माणसें देण्याचें टाळलें. दारूगोळा दिला, आणि १५,००० रुपये कर्ज दिलें, तेंही देवळांतील चांदीचीं उपकरणीं गहाण घेऊन. पितळी तोफांवरही त्यांनीं हात ठेविला. पराक्रमांत पोर्तुगीज उणे पडले नाहींत. त्यांचा सेनापति मार्तिन्यो द सिल्व्हैरा हा वेढ्यांतच पडला, आणि त्याच्या मागून कायतान द सोझा यानें लढाई चालविली. परंतु ज्याची दारू दुसऱ्याच्या पिंपांतून येते त्याचें धैर्य त्या पिंपाइतकेंच टिकतें.

मराठ्यांची अडचण निराळी होती. किल्ल्याच्या तटास शिड्या लावून तो साधत नव्हता. तट फोडणें भाग होतें, आणि त्यासाठीं सुरुंग. सुरुंग म्हणजे जमिनीखालीं भुयार खणून, तटाच्या बुडाशीं दारूची कोठडी भरून, तोंड बुजवून, लांब बत्तीनें ती पेटविणें. वसईची भूमि वाळवट व पाणथळ; थोडें खणलें कीं पाणी. अशा भुयारांत भरलेली दारू जितके तास बसून राहील तितकी सर्द ओढीत राहील.

इ. स. १७३९ च्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत (नव्या गणनेनें) सां सेबास्तियांव बुरुजाखालील सुरुंगांस बत्ती दिली. त्यांचा कांहीं भाग उडाला, तटास खिंडार पडलें, आणि मराठे तत्काळ वर चढले. ते माथ्यावर पोंचतात तोंच उरलेली दारू पेटली आणि शेंकडों माणसें आकाशांत उडाली. हें वर्णन ग्रँट डफ यानें आपल्या इ. स. १८२६ च्या इतिहासांत दिलें आहे. त्यानेंच या वेढ्यांतील मराठ्यांची हानि, मेलेले व जखमी मिळून, ५,००० हून अधिक व पोर्तुगीजांची ८०० सांगितली आहे. तरीही हल्ला थांबला नाहीं. दुसऱ्या फेरींत बुरूज हातीं आला, आणि १६ मे रोजीं तहाचीं कलमें ठरून वसई चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाली.

मागें राहिलेली दारू मागाहून कां पेटली ? बत्तीची लांबी चुकली असेल, वाटेंत माती कोसळली असेल, किंवा बत्ती वा दारू सर्दावून मंद झाली असेल. पाणथळ भुयारांत तिसरें कारण आम्हांस सर्वांत संभवनीय वाटतें. कारण कोणतेंही असो, त्या क्षणीं शिकण्याजोगा धडा एकच : जी दारू पेटली नाहीं ती विझली असें समजूं नये. उशीर हा दारूचा नकार नव्हे.

दुसरी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वसईचा पहिला निकाल मे महिन्यांत लागला. दुसरा, म्हणजे जनरल गॉडर्ड यानें किल्ला घेतला तो, ११ डिसेंबर १७८० रोजीं. दोन्ही वेळां हवा कोरडी. किनाऱ्यावरील युद्धाचा हंगाम दसऱ्यापासून पावसापर्यंतचा. म्हणजे जी दारू मार्गशीर्षांत अथवा वैशाखांत कामास यावयाची तिनें त्यापूर्वींचे चार महिने ओल्या हवेंत काढलेले असत. दसऱ्यास शस्त्रें बाहेर काढून, पुसून, पूजून मग सीमोल्लंघन करावयाचें, या चालीचा धार्मिक अर्थ कांहींही असो, सैनिकी अर्थ स्पष्ट आहे : पावसाळ्यानें काय नासलें तें शत्रूसमोर जाण्यापूर्वीं घरीं पाहून घ्यावें.

(५)

दारू पाहावयाची ती कशी ? जुन्या पद्धति सर्वत्र सारख्या आहेत. प्रथम डोळा : रंग एकसारखा काळसर करडा असावा, पांढरे ठिपके अथवा स्फटिक दिसले तर सोरा बाहेर आला असें समजावें. मग बोट : दाणा चिमटींत सहज चुरडला तर ओल शिरली आहे. मग जाळून पाहणें : कोठारापासून दूर, पांढऱ्या कागदावर चिमूटभर दारू पेटविली असतां ती झर्रकन उडून जावी व कागदावर मळ किंवा मणी राहूं नयेत. फ्रान्समध्यें इ. स. १६८६ पासून सरकारी नियमच होता कीं लहानशा उखळी तोफेंत ठराविक वजनाची दारू घालून गोळा अमुक अंतरावर गेला तरच दारू पसंत करावी. आमच्याकडे तोडेदार बंदुकीच्या कानावर घालावयाची रंजक आणि आंत भरावयाची दारू यांत भेद करीत, तोही परीक्षेचाच परिणाम. रंजक अधिक बारीक व कोरडी लागते.

परंतु परीक्षा हीच आपत्तीची वेळ. हॉलंडांतील डेल्फ्ट नगरांत १२ ऑक्टोबर १६५४ रोजीं दारूखान्याचा रखवालदार नमुना पाहण्यासाठीं कोठार उघडून आंत गेला, आणि सुमारे ४० टन दारू उडून नगराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. त्यांत कारेल फाब्रित्सियुस हा थोर चित्रकारही गेला. तो रखवालदार निष्काळजी नव्हता. तो आपलें कामच करीत होता. उलटपक्षीं पोर्तुगालांतील आल्मेइदा किल्ल्यावर २६ ऑगस्ट १८१० रोजीं एका गळक्या पिंपांतून वाटेवर सांडलेल्या दारूची रेघ राहिली, फ्रेंचांचा गोळा पडून ती पेटली, आणि ती आग थेट मुख्य कोठारांत शिरली. शेंकडों माणसें मेलीं व अभेद्य समजला जाणारा किल्ला लागलीच शरण गेला. एका ठिकाणीं उघडण्यानें घात केला, दुसऱ्या ठिकाणीं न पाहिलेल्या एका पिंपानें.

आज्ञापत्रांतील तोडगा आतां नीट उमजतो. पाहणी बंद करावी हा उपाय नव्हे, आणि हवी तेव्हां हव्या त्या माणसानें करावी हाही नव्हे. ठराविक मुदत, ठराविक अधिकारी, दिवसाचा उजेड, दारू कोठाराबाहेर काढून पाहणें, मोहर व चौकी. दिव्याचें नांव नाहीं. उन्हांत घालण्याचा नियम हा आपोआपच दिवसा पाहण्याचा नियम आहे. हॉलंडांत घडला तसा प्रसंग टाळण्याची युक्ति त्या एका वाक्यांत आहे.

(६)

येथवरचें विवेचन केवळ गतकाळाचें म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेक पोथ्या व कागद जमविणारे आहेत. ज्या वाड्यांच्या माळ्यावरून रुमाल निघतात त्याच माळ्यांवरून शिंगडे, दारूचे बुधले, गंजलेल्या बंदुका आणि कधीं गोळेही निघतात. ते सर्व एकाच लांकडी कपाटांत, पोथ्यांशेजारीं, कधीं देवघराच्या समईपासून चार हातांवर ठेविलेले आम्हीं पाहिले आहेत. ‘दोनशें वर्षांची दारू, आतां तिच्यांत काय राहिलें आहे ?’ असें उत्तर मिळतें. त्या उत्तरास पुढील उदाहरणें ठेवितों.

अमेरिकेंत न्यू यॉर्क येथील एका उद्यानाच्या संग्रहांतील अठराव्या शतकांतील तोफ इ. स. २०१३ मध्यें साफ करूं लागले असतां तींत गोळ्यासह सुमारे ८०० ग्रॅम दारू भरलेली आढळली, आणि ती पेटण्याच्या स्थितींत होती. तीच तोफ पूर्वीं लोकांसमोर मांडलेली असे. आमच्याजवळचें उदाहरण कर्नाटकांतील शिवमोगा जिल्ह्यांतील नगर येथलें : तेथें एका कोरड्या विहिरींतून इ. स. २०१८ मध्यें टिपू सुलतानाच्या काळचे १,००० हून अधिक बाण निघाले, आणि त्यांत दारू भरलेली होती. तिसरें उदाहरण सर्वांत दुःखद. इ. स. २००८ मध्यें अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत, यादवी युद्धांतील गोळे साफ करण्याचा दीर्घ अनुभव असलेला एक संग्राहक, तसाच एक गोळा साफ करीत असतां त्याच्या स्फोटानें मरण पावला. गोळा सुमारे १४० वर्षांचा होता.

कारण वर सांगितलेंच आहे. ओल दारूस मंद करते, मारीत नाहीं. सोरा विरघळला तरी नाहींसा होत नाहीं. कोरडें पडलें कीं तो तेथेंच असतो. घट्ट बंद गोळ्यांत तर ओल पोंचतच नाहीं. काळी दारू कोरडी राहिली तर तिला वयच नाहीं, असें म्हटलें तरी चालेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेली धूरविरहित दारू मात्र निराळ्या स्वभावाची आहे. फ्रान्समध्यें इ. स. १८८४ मध्यें पॉल व्हिएल यानें ती सिद्ध केली. ती पाण्यानें नव्हे तर स्वतःच्या घटनेमुळेंच कालांतरानें कुजते. कुजतांना आम्ल वायु व उष्णता सोडते, आणि ती उष्णता सांचली तर कोणीही न पेटवितां पेट घेते. तूलों बंदरांत १२ मार्च १९०७ रोजीं ‘इएना’ व २५ सप्टेंबर १९११ रोजीं ‘लिबर्ते’ या फ्रेंच युद्धनौका अशाच जुन्या दारूमुळें उडाल्या व शेंकडों खलाशी मेले. त्यानंतर आम्ल शोषून घेणारीं द्रव्यें दारूंत मिसळण्याचा व साठ्याची मुदतीनें रासायनिक परीक्षा करण्याचा परिपाठ दृढ झाला. डब्याचें झांकण काढतांच नाकांत झोंबणारा आंबट वास, तांबूस धूर किंवा गंजासारखी भुकटी, डब्यास आंतून लागलेला गंज, हीं तिच्या कुजण्याचीं चिन्हें होत. अशी दारू काडतुसांत भरणें म्हणजे आपल्याच तोंडाशीं सुरुंग लावणें.

आणि आधुनिक साधनें असलीं म्हणजे जोखीम संपली असेंही नव्हे. वर्धा जिल्ह्यांत पुलगांव येथील लष्कराच्या दारूगोळ्याच्या मध्यवर्ती भांडारांत ३१ मे २०१६ रोजीं जी आग लागली तींत कित्येक जवान व अग्निशामक दलाचे लोक प्राणांस मुकले. अमात्यांचा नियम तीनशें वर्षांनींही शिळा झालेला नाहीं.

(७)

यास्तव संग्राहक मंडळीस आमच्या दोन विनंत्या आहेत.

पहिली जीविताविषयीं. जुनी बंदूक, तोफेची नळी, गोळा, बाण किंवा शिंगडा हातीं आल्यास तो भरलेला आहे असेंच धरून चालावें. तो उघडूं नये, ठोकूं नये, तापवूं नये, उन्हांत वाळवूं नये, जाळून परीक्षा पाहूं नये. हवालदारानें दारू वाळवावी, हा नियम ताज्या व आपल्या हातच्या दारूचा होता. अज्ञात दारूस तो लागूं करणें म्हणजे निजलेल्यास जागें करणें होय. वस्तु जेथें आहे तेथेंच ठेवून, माणसें दूर करून, पोलिसांस कळवावें. बॉम्बशोधक व नाशक पथक हें त्यांचें काम आहे. स्फोटकांचा इ. स. १८८४ चा व शस्त्रांचा इ. स. १९५९ चा कायदा या वस्तूंनाही लागूं पडतो, हें विसरूं नये. ज्यांजवळ परवाना आहे व जे कायद्यानें काडतुसें भरतात, त्यांनीं दारू कारखान्याच्या मूळ डब्यांतच, थंड व कोरड्या जागीं, खरेदीची तारीख लिहून ठेवावी. मजबूत लोखंडी पेटींत कोंडूं नये. जुनी व नवी एकत्र करूं नये. आणि संशय येतांच ती वापरण्याचा मोह सोडून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास विचारावें. पोथ्या व शस्त्रें एका कपाटांत तर कधींच नसावीं.

दुसरी विनंती कागदांविषयीं. तह, सनदा व लढायांचीं पत्रें सर्वजण जपतात. परंतु किल्ल्यांच्या जमाखर्चाचे बंद, ज्यांत खंडी, मण व शेरांनीं दारूचे आंकडे, सोऱ्याची खरेदी, दारू कुटणाऱ्यांची मजुरी, मडक्यांची किंमत, दारूखान्याच्या शाकारणीचा खर्च अशा क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदी असतात, ते रद्दी समजून फेंकले जातात. आज्ञापत्र नियम सांगतें. तो नियम कोणत्या किल्ल्यावर, कोणत्या पावसाळ्यांत, किती पाळला गेला, हें या बंदांतूनच कळणार आहे. वसई व अर्नाळ्यासारख्या ओल्या किनाऱ्यावर एका वर्षांत किती दारू ‘नासली’ म्हणून वजा घातली, एवढी एक ओळ सांपडली तरी त्या प्रांताच्या बंदोबस्ताविषयीं बखरींतील दहा पानांहून अधिक उजेड पडेल. ज्यांच्या दप्तरांत वसई सुभ्याचे, अर्नाळ्याचे, माहीम-केळव्याचे अथवा तारापूरचे असे बंद असतील त्यांनीं ते फाडूं नयेत, विकूं नयेत, आणि त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. किल्ल्यांचे तट पडले तरी उभे करतां येतात. हे बंद एकदां चुलींत गेले म्हणजे परत येत नाहींत.